सगळ्यांचा नंबर तीन

सेक्रेटरी रोज सकाळी सात वाजता फिरायला जायचे आणि सव्वाआठच्या ठोक्याला परत यायचे. मधल्या सव्वा तासात त्यांच्या घरी पुरुष यायचे.

एका दिवशी एकच. तोही पुढच्या दाराने नाही, मागच्या जिन्याने, मांजराच्या पावलांनी. प्रत्येकाच्या हातात काही ना काही असायचं. कोणाच्या हातात चष्म्याचं घर, कोणाच्या हातात जेवणाचा डबा, एकाच्या हातात तर चक्क कवळी ठेवायची डबी. पाच मिनिटांत बाहेर. मग तीन-चार दिवसांनी तोच माणूस पुन्हा, आणि या खेपेला जाताना चेहऱ्यावर असं काही समाधान, की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीचे चिमटे हातातल्या हातात राहायचे. वर्षभरात तिने दहा वेगवेगळे पुरुष मोजले. सगळे साठीच्या आगेमागे. चौघांना टक्कल, एक काठीवाले.

"काही म्हणा," ती नवऱ्याला म्हणाली, "ताईंची निवड काही खास नाही."

ताई म्हणजे सेक्रेटरींची बायको. बाकी सगळे तिला वहिनी म्हणायचे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वय अठ्ठावन्न, बांधा बारीक, बोलणं मोजकं आणि बोट असं, की धाग्याच्या टोकाला थुंकी न लावता सुईत घालावं. सेक्रेटरी ज्या मंडळाचे सेक्रेटरी होते ते छोट्या आगगाड्यांचं मंडळ होतं. खेळण्यातल्या म्हणायचं नाही. खेळणं हा शब्द काढला की अध्यक्षांचा रक्तदाब वाढायचा. "प्रतिकृती," ते म्हणायचे, "खऱ्याच्या एकशे साठावा भाग." म्हणजे इंजिन मधल्या बोटाएवढं. एवढ्याशा बोटाएवढ्या गोष्टीसाठी अकरा कर्ते पुरुष आठवड्यातून दोनदा एका हॉलवजा खोलीत जमायचे, घटना वाचायचे, ठराव मांडायचे आणि एकमेकांशी अबोला धरायचे.

दोन वर्षांपूर्वी मंडळात डिजिटलचं वारं शिरलं. त्याआधी रुळात वीज सोडली की रुळावर जे असेल ते पळायचं, बटण एक आणि इंजिनही एकच. आता प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डिकोडर बसवायचा होता. डिकोडर म्हणजे करंगळीच्या नखाएवढी एक पट्टी, इंजिनाचा मेंदू म्हणा. तिला नंबर असतो. कंट्रोलरवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन ऐकतं, बाकीची गप्प उभी. ही पट्टी इंजिनात बसते ती सहा पायांवर. शिवणाच्या टाचणीपेक्षा बारीक असे ते सहा पाय, आणि ते जिथे शिरतात ते सहा भोकांचं सॉकेट साखरेच्या चार दाण्यांएवढं. नव्या इंजिनांत सॉकेट कारखान्यातूनच येतं. मंडळातली इंजिनं, मंडळातल्या माणसांसारखीच, जुनी होती. त्यांच्यात सॉकेट नव्हतं. चाकांकडून येणाऱ्या दोन तारा, मोटरकडे जाणाऱ्या दोन आणि दिव्यांच्या दोन, अशा केसासारख्या सहा तारा एकेका भोकाला डाग देऊन जोडायच्या, एकीचा दुसरीला किंवा लोखंडी सांगाड्याला स्पर्श झाला की मेंदू जळाला.

सेक्रेटरींनी दोन मेंदू जाळले. शिवाय टेबलावरचं कापड आणि स्वतःचा अंगठा. तिसऱ्या खेपेला वहिनी भाजी निवडत होत्या, त्या उठल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडे."

"हे नाजूक काम आहे गं."

"हो ना. म्हणूनच म्हटलं."

त्यात नवल काही नव्हतं. वहिनींनी बावीस वर्षं श्रवणयंत्रांच्या कारखान्यात काढली होती. कानाच्या आत बसणाऱ्या यंत्रातल्या तारा जोडायच्या, दिवसाला चाळीस. बाहेरचे पाहुणे आले की सुपरवायझरबाई त्यांना वहिनींच्या टेबलाशी आणून उभं करायच्या. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्या बायकांना एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वहिनींनी घड्याळ नको म्हटलं आणि आपलं सोल्डरिंगचं हत्यार आणि दोन चिमटे मागून घेतले. घरी सगळ्यांना त्याचं हसू आलं होतं. ते हत्यार सात वर्षं स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर कढयांच्या मागे पडून होतं.

चाळीस मिनिटांत सहा तारा लागल्या. सेक्रेटरी इंजिन घेऊन मंडळात गेले आणि रात्रीच्या जेवणाला छाती दोन इंच फुगवून आले.

"सगळे थक्क झाले. अध्यक्षांनी विचारलं, कसं केलंत?"

"मग?"

"म्हटलं, हात स्थिर हवा."

वहिनींनी त्यांच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. "आणि कोणाचा ते नाही विचारलं?"

"तसं सांगत बसत नाहीत मंडळात," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.

खरी गोम पुढेच होती. मंडळाच्या घटनेत एक कलम होतं, स्वहस्तेचं. प्रदर्शनात मांडायचं प्रत्येक इंजिन मालकाने स्वतःच्या हाताने तयार केलेलं हवं. त्यासमोर छापील कार्ड ठेवायचं आणि कार्डावर ठळक अक्षरात लिहायचं, 'स्वहस्ते'. हे कलम अध्यक्षांनी तरुणपणी घातलं होतं, तेव्हा त्यांचे हात थरथरत नव्हते. आता बहुतेकांचे थरथरायचे. सहा पायांची पट्टी सहा भोकांत घालायची म्हणजे नजरही हवी, आणि यांना वर्तमानपत्रातले मथळेच तेवढे दिसत. पण कलम रद्द करायचा ठराव मांडणार कोण? मांडणाऱ्याचे हात थरथरतात हे लगेच कळणार.

सर्वांत पहिले आले दाताचे डॉक्टर. ज्यांच्या हातावर विश्वास ठेवून अर्धं गाव तोंड उघडतं, ते.

"वहिनी, सेक्रेटरींना कळू देऊ नका."

"काय कळू देऊ नको?"

त्यांनी कवळीच्या डबीतून इंजिन काढलं. वहिनी काही महिन्यांपूर्वी दाढ भरायला गेल्या होत्या तेव्हा त्यांनी डॉक्टरांकडे जुनी, टोक मोडलेली हत्यारं मागितली होती. कशाला, म्हणून विचारलं तर तारांमधली घाण काढायला, म्हणून सांगून मोकळ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी तेव्हाच ओळखलं होतं. बाकीच्यांना वेगळं सांगायची गरजच नव्हती. सेक्रेटरींना ओळखणारा कोणीही दोन मिनिटं विचार करता तर त्याला कळलं असतं, की घरातला दिव्याचा बल्ब बदलायलाही जो माणूस बायकोला स्टूल धरायला सांगत नाही, स्टूलवर चढायलाच सांगतो, त्याच्या बोटांतून हे काम उतरणं शक्य नाही. दहा जणांनी दहा वेगळ्या दिवशी ही दोन मिनिटं काढली. प्रत्येकाला वाटलं, आपणच काय ते हुशार.

औषधवाले आले, त्यांनी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली भेट आणली. वाचनालयवाले आले, त्यांनी एक जुनं मासिक आणलं. शेवटी अध्यक्ष आले. त्यांचं इंजिन नवंकोरं, मुलाने बाहेरून आणलेलं. सॉकेट कारखान्यातलंच, आणि तेही सहाचं नाही, अठरा पट्ट्यांचं. नऊ-नऊच्या दोन रांगा, एकेक पट्टी मुंगीच्या पायासारखी. मेंदू नुसता सरळ धरून दाबायचा होता.

"मला जमलं असतं," अध्यक्ष म्हणाले, "पण चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. वहिनींनी इंजिन हातात घेतलं.

काम झालं की त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. "नंबर बदलून देऊ का? कारखान्यातून येताना प्रत्येक डिकोडरचा नंबर तीनच असतो."

"छे छे, वहिनी! नंबर माझा मी देईन. ते डोक्याचं काम."

डोक्याचं काम त्यांचं, हाताचं वहिनींचं, अशी वाटणी दहाही जणांनी आपापल्या मनाने केली होती. सेक्रेटरींनी ती सर्वांत आधी केली होती. वहिनींनी जास्त आग्रह धरला नाही. दहांतले सहा तरी नंबर देतील असा त्यांचा अंदाज होता. पुरुषांच्या बाबतीत त्यांचे अंदाज नेहमीच जरा उदार असायचे.

आता कोणी म्हणेल, त्या हे सगळं करत होत्या कशासाठी? पैसे घेत नव्हत्या, नाव नव्हतं. तर त्यांना ते आवडायचं. आवडतं हे सांगायची त्यांना लाज वाटायची, पण खिडकीशी बसून, श्वास रोखून, तार जागेवर टेकली आणि थेंब चमकून गोल बसला की पोटात जे काही व्हायचं ते त्याआधी फक्त लेकीच्या बाळंतपणात झालं होतं. दिवसातला तेवढा एक तास कोणी 'माझा टॉवेल कुठाय' म्हणत नव्हतं.

पण डोळे दगा द्यायला लागले होते. टपाल तिकिटं पाहायच्या भिंगाने आता भागत नव्हतं. अध्यक्षांच्या अठरा पट्ट्या त्यांनी निम्म्या नजरेने आणि निम्म्या बोटांच्या आठवणीने बसवल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर याच्या पुढे नाही वाढवता येणार. असलं काम करायचं तर मायक्रोस्कोपखाली करा, नाहीतर सोडा."

मायक्रोस्कोप मंडळात होता. चांगला दोन डोळ्यांचा, दिवा लावलेला, देणगीतून आलेला. कोपऱ्यातल्या टेबलावर कापडी झाकणाखाली बसलेला असायचा. वर्षातून एकदा वाचनालयवाले त्यातून माशीचा पाय बघायचे. समोर पाटी होती, 'सदस्यांव्यतिरिक्त कोणीही हात लावू नये'.

म्हणून वहिनींनी सदस्यत्वाचा फॉर्म भरला. फॉर्मखाली दोन सदस्यांच्या शिफारशी लागत होत्या. 'मी अर्जदाराचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे' असं छापलेलं, त्याखाली सही.

सेक्रेटरींनी फॉर्म वाचला आणि ते मनापासून हसले. "अगं, तुझी शिफारस करणार कोण? मंडळात तुला ओळखतं कोण?"

"तुम्ही करा की एक."

"मी? माझी बायको म्हणून केली म्हणतील. पक्षपात होतो."

मग वहिनींनी एकेकाला विचारून पाहिलं. मागच्या जिन्याने आलेल्या प्रत्येकाला. दाताचे डॉक्टर म्हणाले, "केली असती हो, पण काम प्रत्यक्ष पाहिलं म्हटलं की कुठे पाहिलं विचारतील." औषधवाले म्हणाले, "माझी सही फार खराब आहे." अध्यक्षांनी पाटीवरचं कलम पाठ म्हणून दाखवलं आणि जाता जाता म्हणाले, "बायकांना यात गोडी कुठे असते, वहिनी?" तेव्हा त्यांचंच इंजिन वहिनींच्या तळहातावर होतं.

फॉर्म वहिनींच्या पर्समध्ये घडी होऊन पडला. सहा महिने.

प्रदर्शनाचा रविवार उजाडला. शाळेचा हॉल घेतला होता, दार अकराला उघडायचं होतं. नवा डिजिटल कंट्रोलर पहिल्यांदाच मोठ्या रुळांना जोडला होता, आणि अकराही इंजिनं पहिल्यांदाच एकत्र उभी होती. तोवर जो तो आपलं इंजिन घरीच, एकट्याने, गोल रुळावर फिरवायचा. दुसऱ्याने पाहिलं तर काय काय विचारेल, ही धास्ती. घरी तीन दाबलं की इंजिन पळत होतं. मग नंबर बदलायची गरज कोणाला पडणार?

त्या सकाळी हॉलमध्ये काय झालं ते वहिनींना नंतर चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं. चौघांचं जुळलं तेवढं असं. पावणेदहाला अध्यक्षांनी दोन शब्द बोलून तीन नंबर दाबला. अकरा इंजिनांपैकी दहा एकदम हलली. हललं नाही ते फक्त अध्यक्षांचं.

चार इंजिनं बोगद्यात एकमेकांना भिडली. दाताच्या डॉक्टरांचं इंजिन औषधवाल्यांच्या इंजिनाला ढकलत पुलावरून खाली पुठ्ठ्याच्या नदीत घेऊन गेलं.

"तीन नंबर माझा आहे!" औषधवाले ओरडले.

"तुमचा कसा? माझा पहिल्यापासून तीन आहे!"

"कोणीतरी नंबर चोरलाय," अध्यक्ष म्हणाले. "चौकशी समिती नेमावी लागेल."

मग त्यांनी पुढारीपण दाखवलं. सगळी इंजिनं पुन्हा रुळावर मांडून त्यांनी कंट्रोलरवर नंबर बदलायचं बटण दाबलं आणि सात टाकला. हे काम करताना रुळावर एकच इंजिन ठेवायचं असतं, कारण ते बटण कोणाला नावाने हाक मारत नाही, रुळावर जो असेल त्याला सांगतं. हे कंट्रोलरच्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, पण पुस्तक बारीक अक्षरात. दहाही इंजिनांनी नम्रपणे एकेक झटका दिला आणि सात नंबर स्वीकारला. अध्यक्षांचं तेवढं निर्विकार उभं राहिलं.

आता तीन दाबलं तर कोणीच हलेना आणि सात दाबलं तर सगळे. सव्वादहा वाजले होते. दाराबाहेर लोक जमायला लागले होते.

शेवटी दाताचे डॉक्टर छताकडे बघत म्हणाले, "सेक्रेटरी, तुमच्या घरून... म्हणजे वहिनींना बोलावलं तर? त्यांना यातलं थोडंफार कळतं असं ऐकलंय."

"कोणाकडून ऐकलंय?"

"असंच. हवेत."

"कल्पना वाईट नाही," औषधवाले पटकन म्हणाले.

सेक्रेटरींना घाम फुटला. आपलं बिंग फुटणार या भीतीने त्यांना हेही सुचलं नाही, की बाकीच्यांना घाम का फुटलाय.

वहिनी गॅलरीत चादर झटकत होत्या तेव्हा फोन आला. "जरा येतेस का? चिमटा घेऊन. पण कोणाला काही बोलू नकोस." त्यांनी पर्स उचलली. समोरची शेजारीण प्रदर्शनाला निघालीच होती, तिने स्कूटरवर मागे घेतलं. "बसा ताई, मलाही बघायचंय तुमच्या मिस्टरांचं काय असतं ते."

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि शेजारीण दारातच थबकली. तिची नजर एका टकलावरून दुसऱ्या टकलावर गेली, मग काठीवर, मग अध्यक्षांवर. बोट आपोआप वर आलं.

"अगं बाई! ताई, हे तर सगळे तुमचेच!"

बोट एकेकावर फिरायला लागलं.

"हे कवळीवाले. हे जेवणाच्या डब्याचे, मंगळवारचे. हे चष्म्याचं घर. आणि हे काका तर चार वेळा! सात वाजता सेक्रेटरीभाऊ गेले की हे मागच्या जिन्याने हजर. मला वाटलं..." ती थांबली. काय वाटलं होतं ते तिच्या तोंडावर इतकं स्वच्छ उमटलं होतं, की वाचनालयवाल्यांनी कानाला हात लावले.

सेक्रेटरी एकेकाकडे बघत होते. बायकोवर संशय यावा इतकी त्यांची कल्पनाशक्ती मोठी नव्हती. त्यांना निराळाच धक्का बसला होता. "म्हणजे तुम्ही सगळे... तुमची इंजिनं पण?"

"तुमची *पण*?" अध्यक्ष म्हणाले. "सेक्रेटरी, पण म्हणजे?"

त्या 'पण'ने जे काय उरलंसुरलं होतं तेही उघडं पडलं. अकरा माणसं अकरा कार्डांसमोर उभी होती. प्रत्येक कार्डावर 'स्वहस्ते'.

वहिनींनी पदर खोचला. "भांडायचं नंतर. आधी सगळी इंजिनं खाली काढा. तो रुळाचा सुटा तुकडा आणा, कंट्रोलरला जोडा. एका वेळी एक द्या. डॉक्टर, तुमचं आधी, ते ओलं झालंय."

"पुठ्ठ्याची नदी आहे, वहिनी."

"डिंक आहे तिच्यात. पुसा."

मग रांग लागली. अकरा कर्ते पुरुष मधल्या बोटाएवढं इंजिन तळहातावर घेऊन, शाळेत नखं दाखवायला मुलं उभी राहावीत तसे. वहिनी इंजिन तुकड्यावर ठेवायच्या, नंबर टाकायच्या, इंजिन छोटासा झटका देऊन हो म्हणायचं, पुढचा. एकवीस, बावीस, तेवीस. "मला अकरा नाही का मिळणार? माझा लकी आहे," औषधवाले म्हणाले. "मिळेल ते घ्या," वहिनी म्हणाल्या. दहा इंजिनं वीस मिनिटांत झाली.

अकरावं अध्यक्षांचं. ठेवलं, नंबर टाकला. झटका नाही. पुन्हा टाकला. नाही.

"उघडलं होतंत का?"

"मी? नाही." अध्यक्षांनी घसा खाकरला. "म्हणजे काल जावईबापू आले होते. त्यांना जरा दाखवलं, मी कसं बसवलं ते."

"काढून?"

"काढल्याशिवाय कसं दाखवणार?"

वहिनींनी वरचं कवच उचललं, भिंग लावलं, खिडकीकडे वळल्या, भिंग जवळ नेलं, लांब नेलं. दोन रांगांच्या जागी दोन करड्या रेघा दिसत होत्या. मेंदू तिरका दाबला गेला होता एवढं बोटाला लागत होतं. कुठली पट्टी वाकली होती ते कळत नव्हतं. घरी एकट्या असताना 'आज उजेड कमी आहे' असं स्वतःला सांगता यायचं. इथे खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

त्यांनी इंजिन खाली ठेवलं.

"मला दिसत नाही."

औषधवाल्यांनी खिडकीचा पडदा आणखी बाजूला सारला.

"त्याच्याखाली घालून बघावं लागेल," वहिनींनी कोपऱ्यातल्या कापडी झाकणाकडे हनुवटी केली. मायक्रोस्कोप प्रदर्शनासाठी पाटीसकट हॉलमध्ये आणला होता.

"पण ते सदस्यांव्यतिरिक्त..." अध्यक्षांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "मग राहू दे. तसंच ठेवा कार्डासमोर. उभं इंजिनही शोभून दिसतं."

त्यांनी चिमटा रुमालात गुंडाळला. अकराला दहा मिनिटं कमी होती. बाहेर अध्यक्षांचे जावईबापू, त्यांचे आईवडील आणि दोन मावश्या येऊन उभे होते, दाराच्या काचेतून दिसत होते. जावईबापू हात हलवत होते.

"शिफारशी किती लागतात?" अध्यक्षांनी विचारलं. घटना त्यांनीच लिहिली होती.

"दोन."

"फॉर्म आणावा लागेल कुठून तरी."

"आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून सहा महिने घडी होऊन पडलेला कागद काढला. घडीवर तो फाटायला आला होता.

पहिली सही दाताच्या डॉक्टरांनी केली. 'मी अर्जदाराचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे.' दुसरी अध्यक्षांनी, दात आवळून. मग गंमतच झाली. औषधवाल्यांनी पेन मागून घेतलं, वाचनालयवाल्यांनी घेतलं, काठीवाल्यांनी काठी बगलेत धरून घेतलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा प्रत्येकाला उपकार फेडल्याचं पुण्य स्वस्तात मिळत होतं. शेवटी कागद सेक्रेटरींसमोर आला.

"नको," वहिनींनी तो काढून घेतला. "पक्षपात होतो."

झाकण काढलं, दिवा लावला. माशीचा पाय अजून काचेवरच होता, तो पुसला. अध्यक्षांचं इंजिन खाली ठेवून त्यांनी डोळे टेकवले, चाक फिरवलं, आणि त्या धुक्यातून अठरा पट्ट्या एकेक करून वर आल्या. केवढ्या होत्या! रस्त्याकडेच्या खांबांसारख्या स्वच्छ उभ्या. मग त्यांना मोह आवरला नाही. शेजारीच सेक्रेटरींचं इंजिन होतं, ते उघडून त्यांनी खाली सरकवलं. पहिल्या वर्षीचे आपलेच सहा डाग. पाच गोल, चमकदार. सहाव्याला शेपूट राहिलं होतं. सुपरवायझरबाईंनी ते परत पाठवलं असतं. 'हे काढायचं', त्यांनी मनाशी ठरवलं. आणखी दहा वर्षं तरी असं काढत बसता येणार होतं.

दार उघडलं. लोक आत आले. पाठीमागे रुळांचा आवाज सुरू झाला, एकवीस, बावीस, तेवीस, आपापल्या वाटेने. कार्डं होती तिथेच होती. कोणीतरी सेक्रेटरींना विचारलं, इतकं बारीक काम कसं हो करता, आणि त्यांचं उत्तर त्यांच्या तोंडात इतकं मुरलेलं होतं की ते बाहेर आलंच. "हात स्थिर हवा."

अध्यक्षांचे व्याही मायक्रोस्कोपच्या टेबलाशी येऊन थांबले. "या बाई कोण?"

"आमच्या सदस्या," अध्यक्ष म्हणाले. "नवीन आहेत. शिकतायत."

"आणि ते इंजिन तुमचं ना? जावईबापू सांगत होते, तुम्ही स्वतः बसवलंत म्हणून."

"हो, ते आपलं... स्वहस्ते."

वहिनींचे डोळे भिंगांना टेकलेले होते. चिमट्याचं टोक वरच्या रांगेत पाचव्या पट्टीशी जाऊन थांबलं.

"अध्यक्ष," त्यांनी मान न वळवता, चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "ही पाचवी पट्टी कोणी वाकवली हो?"

अध्यक्षांनी चष्मा पुसायला काढला. व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही मावश्यांनी पाहिलं.

"कोणी म्हणजे?" नदीच्या पुलापाशी उभी असलेली शेजारीण म्हणाली. "त्यांनीच. लिहिलंय की समोर."

वहिनींनी डोळे काढले नाहीत. पट्टी सरळ व्हायला अजून थोडी बाकी होती.